हक्कसोडीची न झालेली सही

बाबा गेल्यावर आठ महिन्यांनी दादाचा फोन आला. माझी गाडी जालन्याच्या स्टँडवर लागलेली होती आणि मी खाली उतरून बाटलीत पाणी भरून घेत होते. तो म्हणाला, "मंगळवारी सिंदखेडराजाले ये. सही करायची हाये. ताई बी येऊन राह्यली." कसली सही, हे मी विचारलं नाही. बाप गेल्यावर बहिणींना बोलावून आमच्याकडे जी सही घेतात ती एकच असते. मी म्हटलं, "बरं, रजा टाकते."

मी बसमध्ये कंडक्टर आहे. मेहकर-जालना ही माझी नेहमीची ड्यूटी. राहायला देऊळगाव राजाला, तिथं नवऱ्याचं जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. माहेर दुसरबीडच्या जवळ, आणि माहेरचं सहा एकर वावर डांबरी रस्त्याला अगदी लागून. बाबा गेल्यावर तलाठ्यानं वारसांची नोंद केली तेव्हा सातबाऱ्यावर चार नावं चढली. आई, ताई, दादा आणि मी. त्यातली दोन उतरवायची म्हणून तो मंगळवार होता.

खरं सांगायचं तर सही द्यायची हेच माझ्या मनात होतं. मोठी ताई डोणगावहून आली होती. दादानं दोघींसाठी साड्या आणल्या होत्या, पिशवीत नीट घडी घालून. नोंदणी कचेरीसमोरच्या हॉटेलात त्यानं आम्हाला चहा पाजला, मग साक्षीदारांना आणायला गेला. ताई म्हणाली, "गपचूप सही करू अन् मोकळ्या होऊ. आपल्याले कुठं वावर कसायले यायचं हाये? चार दिवस माहेरी यायले दार उघडं राह्यलं म्हणजे झालं." मी मान हलवली. माझंही तेच म्हणणं होतं.

कचेरीत बाकावर बसलो. दस्त लिहिणाऱ्यानं टाइप केलेला कागद दादाच्या हातात होता. पाळी यायला वेळ होता म्हणून मी तो मागून घेतला. कागद वाचल्याशिवाय सोडायचा नाही ही मला नोकरीनं लावलेली सवय. बाकीचा मजकूर नेहमीचा, गट नंबर, चतुःसीमा. मधे एक वाक्य होतं: आमची लग्नकार्ये वडिलांनी यथोचित करून दिलेली असून त्यातच आमचा हिस्सा आम्हांस पोचलेला आहे.

ते मी दोनदा वाचलं.

आमच्या भागात भाजीपाल्याच्या बियाण्याचे प्लॉट असतात. हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये मिरची, टमाटे लावतात आणि एका झाडाच्या फुलातला परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावतात. त्याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. बाबांनी पहिल्यांदा असा प्लॉट केला तेव्हा मजूर लावायची त्यांची हिंमत नव्हती. ताई आणि मीच मजूर. सकाळी उजाडल्याबरोबर जाळीत शिरायचं, चिमट्यानं कळी उघडायची, आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी त्याच कळीला पराग लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. वाकून वाकून पाठ धरायची. जाळीत हवा नसते, घाम डोळ्यांत जातो आणि डोळे पुसायला हात मोकळा नसतो. दादा तेव्हा औरंगाबादला शिकायला होता. त्याच्या शिकण्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही, आजही नाही. पण ताईची दहावी त्या जाळीत राहिली. माझी बारावी मी पुढे बाहेरून दिली. बाबांची विहीर बांधून झाली ती जाळीतल्या दोन हंगामांच्या पैशावर. आणि लग्नात आमचा हिस्सा आम्हाला पोचला होता म्हणे.

कागदावर कसं कोण जाणे माझं नाव ताईच्या आधी पडलं होतं. मला आधी बोलावलं. समोर कॅमेरा, बाजूला अंगठ्याचं यंत्र. टेबलामागचे साहेब वयानं लहान होते. त्यांनी कागद चाळला आणि न बघताच विचारलं, "ताई, हा हक्क तुम्ही स्वखुशीनं सोडताय ना?"

दिवसातून कितीतरी वेळा ते हा प्रश्न विचारत असतील. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे खुशी नाही. सही करायला आले होते, पण खुशीनं का म्हणून तुम्ही विचारलं, तर नाही."

मागे दादा उभा होता. साहेबांनी कागद बंद केला आणि शांतपणे म्हणाले, "मग हा दस्त मला नोंदवता येणार नाही. घरी बसून बोला. घाई नाही."

लोक नंतर मला म्हणाले की मोठं धाडस केलं. धाडस वगैरे काही नव्हतं. एका वाक्याचा राग आला आणि त्याच वेळी कोणीतरी विचारलं, एवढंच.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "कोणी शिकवलं तुले? पाहुण्यानं?"

पाहुणे म्हणजे माझा नवरा. मी म्हटलं, "त्याईले तं मी आज इथं कायले आली हे बी धड माहीत नाही."

त्यानं गाडीला किक मारली आणि निघून गेला. साड्यांची पिशवी बाकावर तशीच राहिली. ताई पदर तोंडाला लावून रडत होती. "तुह्यापायी आता माह्यं बी माहेर तुटलं," एवढंच म्हणाली आणि मेहकरच्या गाडीत बसली. मी तिला बसवून दिलं. खिडकीतून तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो एका मोटारीला तार गुंडाळत होता. हात थांबवून म्हणाला, "तू ठरवलं ते ठरवलं. पण लोक मलेच म्हणतीन. मी यात पडत नाही, तुले आडवा बी येत नाही." तसंच झालं. जावयाचा डोळा वावरावर आहे, हे दुसरबीडच्या स्टँडवर महिनाभरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो बिचारा तेव्हा माझ्या माहेरच्या बांधावरही कधी गेला नव्हता.

त्यानंतर दोन वर्षं दादा माझ्याशी बोलला नाही. फोन उचलायचा नाही. आईकडे स्वतःचा फोन नव्हता. राखी पोस्टानं पाठवली, ती पोचली की नाही ते कळलं नाही. माझी अडचण ही की मी त्याच रस्त्यानं रोज दोनदा जात होते. वावर रस्त्याला लागूनच. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. पेरणी झाली, सोयाबीन फुलावर आलं, तूर उभी राहिली, सगळं मला दिसायचं. आईची आकृती दिसते का म्हणून मी दाराच्या दांडीला धरून उभी राहायची. कधी दिसायची, निंदत बसलेली. गाडी थांबवता यायची नाही. भाच्याचा बारावीचा निकाल मला एका प्रवासी बाईनं सांगितला, आणि मला तो आधीच कळला असेल असं धरून तिनं सांगितला.

एकदा दुसरबीडला दादा माझ्याच गाडीत चढला. मागून चढला, मी पुढे होते, म्हणून त्याला दिसले नसेन. तिकिटं काढत काढत मी त्याच्या सीटपाशी आले.

"कुठं?" मी विचारलं.

"सिंदखेडराजा."

त्यानं नोट पुढे केली, मी यंत्रातून तिकीट काढून दिलं, उरलेले पैसे दिले. त्यानं ते खिशात टाकले. त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते. मी पुढच्या माणसाकडे वळले. उतरताना तो माझ्याकडे न बघता गर्दीतून वाट काढत उतरला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण चूक केली. दीड एकरासाठी सख्ख्या भावाला कुठं म्हणून विचारायची पाळी आली. रात्री मी नवऱ्याला म्हटलं की जाऊ दे, सही देऊन टाकते. तो म्हणाला, "दे. पण खुशीनं दे. नाहीतर त्या साहेबानं पुन्हा विचारलं तं पुन्हा अटकशीन." मला हसू आलं, आणि त्या हसण्यात ते देणं राहून गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात, सकाळच्या फेरीला, दादा आईला घेऊन चढला. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि तिला जालन्याला दाखवायचं होतं. आईनं मला आवाजावरून ओळखलं. "माहीच पोरगी हाये नं?" म्हणत ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली. तिच्या वयाला तिकीट लागत नाही. दादाचं तेवढं मी काढलं. तो आईच्या मागच्या सीटवर बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

सिंदखेडराजाला गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबते. ड्रायव्हर चहाला गेला, बरेच प्रवासी उतरले. आम्ही तिघंच पुढच्या बाजूला उरलो. आईनं माझा हात हातात घेऊन चाचपला. मग मान न वळवता दादाला म्हणाली, "काऊन रे, बहिणीशी बोलत नाहीस?"

दादानं खिडकीची काच सरकवली.

"मी तुले कधी सांगितलं नाही," आई म्हणाली. "माह्या भावानं माहा अंगठा घेतला तेव्हा तुम्ही तिघं बी झाले होते. मले म्हणे, अक्का, तुह्यं माहेर कायम हाये, तू फक्त अंगठा दे. मी देला. दोन दिवाळ्या न्यायले आला. तिसऱ्या दिवाळीले मी दारात वाट पाह्यत बसली, तं कोणी आलं नाही. मंग त्याच्या पोराच्या लग्नाची पत्रिका आली, ते बी पोस्टानं. अंगठा देल्यानं माहेर राह्यलं असतं तं माह्यं राह्यलं असतं."

हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मामाकडे आम्ही लहानपणानंतर का गेलो नाही, याचं कारण आई नेहमी लांब पडतं असं सांगायची. मामाचं गाव देऊळगाव राजापासून तासाभराच्या वाटेवर आहे.

दादा शेवटी बोलला. आवाज खाली होता. "सगळ्याईले मीच दिसतो. बाबाले डायलिसिसले आठवड्यातून दोनदा कोणी नेलं? अर्ध्या वाटेत त्यायले उलटी व्हायची, ते कोणी धुतलं? तेव्हा कोणी म्हणलं नाही का माहा बी हिस्सा हाये."

ते खरं होतं. मी ड्यूटीतून जमेल तशी जायची, पण जमेल तशीच. मी म्हटलं, "दादा, ते मी विसरली नाही. तू नसतास तं बाबानं दोन वर्षं काढले नसते. पण मंग कागदावर ते लिहायचं होतं. लग्नात हिस्सा पोचला असं काऊन लिहिलं?"

तो माझ्याकडे वळला. "कुठं लिहिलं?"

त्यानं कागद वाचलाच नव्हता. लिहिणाऱ्यानं सगळ्यांच्या दस्तात घालतो ते वाक्य यातही घातलं होतं. दोन वर्षं मी ज्या वाक्यावर जळत होते, ते त्याला माहीतच नव्हतं. हे कळून मला बरं वाटावं की वाईट, ते समजेना.

"वाक्याचं सोड," तो म्हणाला. "तू विकशीन. उद्या रस्त्याच्या कडंचा तुकडा कोण्या धाबेवाल्याले देशीन, अन् मी त्याच्या बांधाले बांध लावून बसू."

इतक्या दिवसांत त्याची भीती काय आहे ते मला आता कळलं. मी म्हटलं, "विकायचा नाही. रस्त्याचा बी नको. मले मागचा नाल्याकडचा दे."

"म्हणजे नुसतं नाव पाहिजे?"

"नाही. नाव बी अन् वावर बी."

आई म्हणाली, "अन् माह्यं बी नाव तिथंच राहीन. मी जिवंत हाये तोवर कोणी उतरवायचं नाही."

ड्रायव्हर आला. मी घंटी वाजवली. जालन्यापर्यंत आमच्यात आणखी काही बोलणं झालं नाही, पण स्टँडवर उतरताना दादा म्हणाला, "तुही परतीची गाडी किती वाजता हाये? आईले वेळ लागला तं सांगतो." वावर सोडून त्यानं मला विचारलेली, दोन वर्षांतली ती पहिली गोष्ट.

आईचा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी दादानं स्वतः ताईला फोन केला आणि आम्हाला दोघींना बोलावलं. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो. बोलणं सोपं झालं नाही. ताई आधी म्हणाली, मला काही नको, माझं तुम्ही दोघं वाटून घ्या. आईनं तिला विचारलं, "खुशीनं म्हणून राह्यली का भ्यावून?" ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "भ्यावून." इतकी वर्षं मी तिला माझ्यापेक्षा शहाणी समजत होते, आणि ती घाबरलेली होती.

शेवटी ठरलं ते असं. चौघांचे सारखे हिस्से. रस्त्याकडचा दादाचा, कारण त्याचं घरही तिथंच होतं. त्याच्या बाजूला, रस्त्याकडेच, आईचा, तो आई असेपर्यंत दादानं कसायचा. मागचे नाल्याकडचे दोन आम्हा बहिणींचे, त्यातला दादाच्या बांधाला लागलेला माझा. विहीर सगळ्यांची, पाण्याच्या पाळ्या वहीत लिहून ठेवायच्या. माझ्या तुकड्यात जायला बांधावरून बैलगाडीची वाट. ताईचा हिस्सा पहिली दोन वर्षं दादा बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकावर, करेल, पुढचं पुढे. दादानं एक अट घातली, की कोणाला विकायचंच झालं तर आधी घरात विचारायचं. ती अट मला पटली आणि मी ती वहीत माझ्या हातानं लिहिली.

तहसीलमध्ये वाटणीचा अर्ज दिला. जबाबाला आम्ही चौघंही गेलो. तिथंही खुशीनं का म्हणून विचारलं, आणि या वेळी चौघंही हो म्हणालो. दादानं हो म्हणताना माझ्याकडे पाहिलं, जरा हसल्यासारखं. त्या दिवशी चहा मी पाजला.

मोजणीवाले आले त्या दिवशी मी रजा काढून गेले. उन्हात साखळी ओढत, दगड रोवत दुपार झाली. वहिनी भाकरी घेऊन आली. या सगळ्यात वहिनी माझ्याशी तुटक वागत होती आणि मला त्याचं नवल नव्हतं, त्यांच्याच ताटातलं मी काढून घेत होते असं तिला वाटत असणार. जेवणं झाल्यावर ती भांडी गोळा करता करता माझ्याजवळ बसली. बाकीचे लांब होते.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही त्या साहेबाले नेमकं काय म्हणलं होतं?"

"नाही म्हणलं."

"नुसतं नाही?"

"नुसतं नाही. तो विचारतेच. आपल्याले फक्त उत्तर द्यायचं असते."

तिनं ताटं टोपलीत रचली. "माह्या भावाचा फोन आलता परवा," म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली. तिनं पुढे काय केलं ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिचं तुटक वागणं गेलं.

नवा सातबारा निघाला तेव्हा मी सेतू केंद्रातून त्याची प्रत काढून आणली. माझं नाव, पुढे भ्रतार म्हणून नवऱ्याचं नाव, आणि दीड एकर. नवरा दुकानात होता. त्यानं हात पुसून कागद घेतला, वाचला, आणि म्हणाला, "आता तं जावं लागंन एकदा पाह्यले." रविवारी आम्ही गेलो. तो नाल्याच्या काठानं चालत गेला, ढेकूळ उचलून फोडलं आणि पाण्याला किती फुटावर मोटार बसवावी लागेल याचा हिशेब करत बसला. मी तिथं मोकळ्या वावरात नुसती उभी राहिले. कोणी मला बोलावलं नव्हतं आणि कोणी पाहुणी म्हणून चहा विचारणार नव्हतं. ओझं उतरल्यावर पाठ थोडा वेळ दुखते, तसं काहीतरी झालं. मग तेही गेलं.

बाबा असते तर काय म्हणाले असते, असा विचार येतो. मला वाटतं त्यांनी मला सही करायलाच सांगितलं असतं. ते वाईट नव्हते. त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्यांच्या नावानं मी स्वतःला फसवतही नाही.

नाल्याकडचा तुकडा रस्त्यावरून दिसत नाही. मधे दादाचं घर आणि आईची तूर येते. पहिल्या वर्षी आम्ही हरभरा केला. नांगरटीला दादाचाच ट्रॅक्टर होता.

मागच्या महिन्यात ड्यूटीवर असताना दादाचा फोन आला. मी तिकिटं काढत होते, तरी उचलला. तो चिडलेला होता.

"तुह्या वावरात रातच्यानं डुकरं घुसले," म्हणाला. "तिकून माह्या मक्यात आले. तुले कवाचं सांगून राह्यलो का नाल्याच्या बाजूनं तार लाव. तू ऐकून नाही राह्यली. नुकसान माह्यं होऊन राह्यलं."

"लावते नं," मी म्हटलं.

"कवा लावते? हिवाळा सरल्यावर?"

"या रविवारी. खांब हायेत का तुह्याकडं?"

"हायेत चार-पाच. पाहुण्याले म्हणा, येताना तार आणा. अन् लवकर या, मंग ऊन होते." त्यानं फोन ठेवून दिला.

शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "काय झालं? भांडण का?"

"नाही," मी म्हटलं. "भाऊ होता. त्याचं वावर माह्या वावराले लागून हाये."